शल्यचिकित्सेची जागा मिळेल काय?
पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील शक्यतेचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय मराठवाड्यात ‘घाटी’ या एकाच शब्दाने ओळखले जाते. १९५६ साली, म्हणजे मराठवाडा हैदराबाद राज्यातून तत्कालीन मुंबई राज्यात आला त्याच वर्षी, हे महाविद्यालय स्थापन झाले. जालना, बीड, परभणी, हिंगोली येथून, इतकेच नव्हे तर शेजारच्या बुलढाणा व अहिल्यानगर जिल्ह्यांतूनही रुग्ण येथे आणले जातात. आतड्याला पीळ पडलेला शेतकरी, बैलाने शिंग मारलेला गुराखी, अपघातात सापडलेला मोटारसायकलस्वार अशा रुग्णांना मध्यरात्री प्रथम पाहणारा शल्यचिकित्सक बहुधा तिशीही न गाठलेला निवासी डॉक्टर असतो. तो अजून शिकत असतो आणि त्याच वेळी रुग्णालयाचा मोठा भार वाहत असतो.

हा निवासी डॉक्टर त्या जागेवर कसा पोहोचतो, याविषयी मात्र सर्वसामान्यांत फारच थोडी माहिती आहे. पदवी प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा आता खेड्यापाड्यांतही परिचित झाली. त्यापुढची पायरी तितकी परिचित नाही. गावातील एखादी मुलगी एम. बी. बी. एस. झाली, पदव्युत्तर परीक्षेचा निकाल लागला, आणि घरच्यांनी शाळेतील गुरुजींना किंवा तहसील कार्यालयातील ओळखीच्या अधिकाऱ्याला विचारले, की “एवढ्या क्रमांकावर सर्जरी मिळेल का?”, तर उत्तर बहुधा ऐकीव माहितीवर दिले जाते. या उत्तरावर तिच्या आयुष्यातील एक संपूर्ण वर्ष अवलंबून असते. म्हणून या हिशेबाची रीत समजावून घेणे अगत्याचे आहे.

साडेअकरा वर्षांची वाट

एम. बी. बी. एस. चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा व त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता. पुढे राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा, म्हणजेच ‘नीट-पीजी’, देऊन एम. एस. (जनरल सर्जरी) या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. मूत्रविकार शल्यचिकित्सा, प्लास्टिक सर्जरी, बालशल्यचिकित्सा, हृदय व छातीची शल्यचिकित्सा यांसारख्या शाखांत जावयाचे असल्यास ‘नीट-एसएस’ ही आणखी एक परीक्षा व एम. सीएच. ची आणखी तीन वर्षे. एकही वर्ष वाया न जाता बारावीनंतर साडेअकरा वर्षांनी विद्यार्थी या वाटेच्या टोकाला पोहोचतो. प्रत्यक्षात एकही वर्ष वाया न गेलेले थोडेच.

एकेकाळी पदव्युत्तर प्रवेश त्या त्या विषयातील विद्यापीठ परीक्षेचे गुण आणि रुग्णालयातील ‘हाउस पोस्ट’ यांवर ठरत असे. जुने डॉक्टर अजूनही त्या पद्धतीची आठवण काढतात. तीत विद्यार्थ्याचे हात व वागणूक शिक्षकांना दिसत असे हे खरे. परंतु ज्याची ओळख नाही त्याला ती पद्धत किती न्याय देत असे, हाही प्रश्नच होता. आता देशभर एकच परीक्षा आहे. तिच्या जागी ‘नेक्स्ट’ ही परीक्षा आणण्याची तरतूद २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात आहे. ती मात्र अद्याप प्रत्यक्षात आलेली नाही.

गुण, शतमक आणि क्रमांक

नीट-पीजीत २०० प्रश्न व ८०० गुण असतात. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. २०२४ पासून प्रश्नपत्रिकेचे ४० प्रश्नांचे पाच विभाग करण्यात आले असून प्रत्येकास ४२ मिनिटे असतात. एका विभागाची वेळ संपली की मागे जाता येत नाही.

वजा गुणांच्या धास्तीने अनेक विद्यार्थी प्रश्न कोरे सोडतात. येथे साधे अंकगणित उपयोगी पडते. चार पर्यायांपैकी काहीच ठाऊक नसताना १०० प्रश्नांची उत्तरे अंदाजाने दिली, तर सरासरीने २५ बरोबर येऊन १०० गुण मिळतील व ७५ चुकून ७५ गुण जातील, शिल्लक २५. दोन पर्याय निश्चितपणे बाद करता येत असतील, तर त्याच १०० प्रश्नांत शिल्लक १५० होते. अर्धवट ज्ञानालाही येथे मोल आहे ते असे.

निकालपत्रावर गुणांबरोबर शतमक आणि क्रमांक येतात, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. नव्वद शतमक म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत. शंभरांतील नव्वद परीक्षार्थी आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ३ ऑगस्ट २०२५ रोजी ही परीक्षा दोन लाख चाळीस हजारांहून अधिक उमेदवारांसाठी घेण्यात आली. एवढ्या संख्येत नव्वद शतमक म्हणजे सुमारे चोवीस हजारावा क्रमांक, नव्याण्णव शतमक म्हणजे सुमारे दोन हजार चारशेवा. घरी पेढे वाटण्याजोगा वाटणारा आकडा जागांच्या हिशेबात कोठे बसतो, हे या गुणाकाराशिवाय कळत नाही.

‘पात्र’ हा शब्दही असाच फसवा आहे. खुल्या प्रवर्गासाठी पन्नासावे आणि राखीव प्रवर्गांसाठी चाळिसावे शतमक ही पात्रतेची मूळ रेषा होय. परंतु जागा रिकाम्या राहू लागल्या की ती खाली आणली जाते. २०२३ साली तर ती शून्य शतमकापर्यंत आणण्यात आली होती. त्या वर्षी परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र ठरला, याचा अर्थ प्रत्येकाला शल्यचिकित्सा मिळू शकत होती असा मुळीच नाही. रिकाम्या राहतात त्या बहुतांशी शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांसारख्या रुग्णशय्येपासून दूरच्या विषयांच्या जागा.

मागील वर्षांशी तुलना करावयाची ती क्रमांकाने करावी, गुणांनी नव्हे. प्रश्नपत्रिका कधी सोपी, कधी कठीण असते. शिवाय २०२४ ची परीक्षा दोन सत्रांत होऊन गुणांचे समानीकरण करावे लागले. २०२५ ची परीक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एकाच सत्रात झाली. या दोन वर्षांचे गुण एकाच तागडीत तोलता येणार नाहीत.

एकच क्रमांक, अनेक याद्या

“पंधरा हजारांत सर्जरी मिळते” अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. कोणत्या यादीत, कोणत्या प्रवर्गात, कोणत्या फेरीत, कोणत्या महाविद्यालयात, हे चार प्रश्न विचारल्यावाचून अशा वाक्याला काही अर्थ नाही.

शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्रीय समुपदेशन समिती भरते. उरलेल्या निम्म्या जागा राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष भरतो. अभिमत विद्यापीठांच्या जागा पुन्हा केंद्रीय समितीकडे, तर इतर खाजगी महाविद्यालयांच्या जागा राज्याच्या कक्षाकडे असतात. छत्रपती संभाजीनगर शहराचेच उदाहरण घेता येईल. घाटीतील सर्जरीच्या निम्म्या जागा दिल्लीच्या यादीतून व निम्म्या मुंबईच्या यादीतून भरल्या जातात. त्याच शहरातील एम. जी. एम. महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचे असल्याने तेथील जागा केंद्रीय समितीमार्फत जातात. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डी. एन. बी. अभ्यासक्रमाच्या जागा याच नीट-पीजीतून मिळतात. नागपूरसह सर्व ‘एम्स’ आणि चंडीगड, पुदुच्चेरी येथील राष्ट्रीय संस्था यांची परीक्षा मात्र निराळी असून ती वर्षातून दोनदा होते. जो केवळ राज्याच्या यादीकडे पाहतो, त्याला आपल्या शक्यतेचा अर्धाच भाग दिसतो.

डी. एन. बी. विषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. या पदवीकडे अजूनही काही कुटुंबे दुय्यम म्हणून पाहतात. ती कायद्याने मान्य पदवी आहे, आणि एखाद्या गजबजलेल्या रुग्णालयातील डी. एन. बी. चा विद्यार्थी नामवंत महाविद्यालयातील विद्यार्थ्यापेक्षा अधिक शस्त्रक्रिया करून बाहेर पडतो, असेही घडते.

राज्य कोट्याचा पाया आता प्रामुख्याने शिक्षण कोठे झाले यावर आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात केवळ अधिवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरविले. त्याच संस्थेत वा राज्यात पदवी घेतलेल्यांना मर्यादित प्राधान्य देण्यास मात्र मुभा ठेवली. तेव्हा परराज्यात किंवा परदेशात शिकलेल्या विद्यार्थ्याने गावचा रहिवासी दाखला हाती आहे म्हणून निश्चिंत राहू नये. त्या वर्षीची माहितीपुस्तिका प्रथम वाचावी. ‘मराठवाड्याचा कोटा किती?’ हा प्रश्नही येथे लागू पडत नाही. पदवी प्रवेशातील ७०:३० हे प्रादेशिक सूत्रसुद्धा २०२० साली रद्द झाले आहे.

प्रवर्गाच्या बाबतीत तर एकच विद्यार्थी दोन याद्यांत दोन निरनिराळ्या ठिकाणी उभा असतो. अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती ७.५, इतर मागासवर्ग २७ व आर्थिक दुर्बल घटक १० टक्के अशी वाटणी आहे. राज्यात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती व भटक्या जमातींचे चार स्वतंत्र गट, इतर मागासवर्ग १९ अशी वेगळीच रचना आहे. राज्यातील भटक्या जमातीचा विद्यार्थी, त्याची जात केंद्राच्या यादीत असेल तर, तेथे इतर मागासवर्गात मोडतो. २०२४ च्या कायद्याने झालेला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग हा राज्यापुरता आहे; केंद्राच्या यादीत तो नाही.

महसूल आणि समाजकल्याण खात्यांतील अधिकाऱ्यांचा संबंध येतो तो येथे. केंद्राच्या नमुन्यातील इतर मागासवर्ग प्रमाणपत्र आणि राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र हे एकमेकांच्या जागी चालत नाही. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला यांना मुदत असते. जात वैधता प्रमाणपत्राअभावी राखीव जागेवरील हक्क गमावून खुल्या यादीत जावे लागले, तर तोच क्रमांक एकाएकी निरुपयोगी ठरतो. वर्षानुवर्षे रात्री जागून मिळविलेला क्रमांक टेबलावर पडून राहिलेल्या एका अर्जापायी वाया जावा, यासारखी दुसरी हानी नाही.

गेल्या वर्षाचा शेवटचा क्रमांक

प्रत्येक फेरीनंतर कोणत्या जागेवर कोणत्या क्रमांकाचा उमेदवार गेला, याची यादी जाहीर होते. तीतून प्रत्येक महाविद्यालयातील सर्जरीचा शेवटचा क्रमांक काढता येतो. शक्यता अजमावण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन हेच होय. त्यासाठी शुल्क देऊन कोणाचा सल्ला घेण्याची गरज नाही. कागद, पेन्सिल व एक सुटीची दुपार पुरते.

मात्र हा आकडा जपून वाचला पाहिजे. पहिल्या फेरीतील शेवटचा क्रमांक आणि तिसऱ्या फेरीतील शेवटचा क्रमांक यांत बरेच अंतर पडते, कारण वरचे उमेदवार दुसऱ्या जागी सरकतात. एखाद्या महाविद्यालयात विषयाच्या चार-पाचच जागा असतील, तर बिंदुनामावलीप्रमाणे गेल्या वर्षी ज्या प्रवर्गाला जागा होती त्याला यंदा ती असेलच असे नाही. म्हणून त्या वर्षीचा जागांचा तक्ता आधी पाहावा, मगच गेल्या वर्षीचा क्रमांक. देशातील पदव्युत्तर वैद्यकीय जागा २०१४ पूर्वी ३१,१८५ होत्या. २०२४ पर्यंत त्या ७२ हजारांच्या वर गेल्या. जागा वाढल्या की शेवटचा क्रमांक पुढे सरकतो. परंतु पदवीच्या जागाही वाढल्याने स्पर्धकही वाढतात. निदान तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत, ते याकरिता.

मराठवाड्यात अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथील जुन्या शासकीय महाविद्यालयांच्या जोडीला अलीकडे परभणी, धाराशिव, जालना व हिंगोली येथे नवी महाविद्यालये निघाली. तेथे पदव्युत्तर अभ्यासक्रम जसजसे सुरू होतील तसतसा हा हिशेब बदलत जाईल.

विद्यार्थ्यांची आवडही बदलत असते. आज सर्वांत वरचे क्रमांक क्ष-किरण व प्रतिमाशास्त्र, सामान्य वैद्यकशास्त्र, त्वचारोग यांकडे जातात. शल्यचिकित्सेची मागणी आहेच, पण ती पहिल्या पंक्तीत राहिलेली नाही. रात्रपाळ्या, उशिरा सुरू होणारी कमाई आणि रुग्णालयात होणाऱ्या मारहाणीची भीती ही त्याची कारणे सांगितली जातात. जिला शल्यचिकित्साच हवी आहे, तिच्या दृष्टीने मात्र ही परिस्थिती अनुकूल आहे. एम. सीएच. मध्ये तर हृदय शल्यचिकित्सा व बालशल्यचिकित्सा यांच्या जागा अनेकदा रिकाम्या राहतात.

पसंतीक्रम लिहिताना

अमेरिकेत हीच निवड निराळ्या रीतीने होते. तेथे उमेदवार रुग्णालयांचा पसंतीक्रम देतो व मुलाखती घेऊन रुग्णालयेही उमेदवारांचा पसंतीक्रम देतात. १९५२ पासून एक राष्ट्रीय यंत्रणा या दोन्ही याद्यांची सांगड घालते आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी देशभर निकाल उघडतात. अशा जुळणीच्या शास्त्राबद्दल लॉइड शेपली व ॲल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेथील विद्यार्थ्याला आपल्या शक्यतेचा विचार करताना शिफारसपत्रे, संशोधन, मुलाखतीतील छाप असे अनेक घटक जमेस धरावे लागतात. आपल्याकडे रुग्णालयांची यादी एकच, ती म्हणजे परीक्षेचा क्रमांक. त्यामुळे आपला हिशेब अधिक रूक्ष आहे, पण अधिक उघडही आहे.

संगणक क्रमांकानुसार एकेका उमेदवाराकडे येतो आणि त्याच्या यादीतील वरून पहिली उपलब्ध जागा त्याला देतो. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. एका फेरीपुरते पाहिले, तर मिळण्याची आशा कमी असलेली जागा वर लिहिल्याने खालच्या जागेची शक्यता तिळमात्रही कमी होत नाही. तरीही ‘ती मिळणार नाहीच’ म्हणून हवी ती जागा यादीतून गाळणारे आणि हातची म्हणून नको असलेली जागा पहिली लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात. यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहावी. जेथे कोणत्याही परिस्थितीत जावयाचे नाही, ती जागा मुळीच लिहू नये. शेवटच्या फेऱ्यांत मिळालेली जागा नाकारल्यास अनामत जप्त होते आणि पुढील परीक्षेस बसण्यावरही बंदी येऊ शकते.

विषय आधी की महाविद्यालय आधी, हा प्रश्न राहतोच. तीन वर्षांनंतर महाविद्यालय मागे राहते आणि विषय जन्मभर सोबत असतो, म्हणून विषयाला अग्रक्रम देणे बहुतेकांच्या हिताचे ठरते. परंतु शल्यचिकित्सा हाताने शिकावयाची विद्या आहे. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रियाच थोड्या, तेथील सर्जरीची जागा कागदावर सर्जरीची असली तरी विद्यार्थ्याच्या हाताला काम देत नाही. जागा स्वीकारण्यापूर्वी तेथील द्वितीय वर्षाच्या निवासी डॉक्टरला आठवड्यातील शस्त्रक्रियांचे वार किती, तातडीच्या शस्त्रक्रिया कोण करतो, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

पुन्हा परीक्षा द्यावी काय?

सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. क्रमांक सर्जरीच्या सीमेवर आहे, दुसरा विषय हाती येत आहे. तो घ्यावा की वर्षभर थांबावे? येथे कुटुंबाची आर्थिक स्थिती, वय, विवाहाचा आग्रह सारेच आड येते. हिशेबापुरते बोलावयाचे तर सीमेपासूनचे अंतर प्रथम पाहावे. अंतर थोडे असेल आणि कोणत्या विषयांत गुण गेले हे विद्यार्थ्याला नेमके सांगता येत असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. अंतर फार असेल आणि ‘यंदा नशीब नव्हते’ याखेरीज कारण सापडत नसेल, तर दुसरे वर्ष पहिल्यासारखेच जाण्याचा संभव अधिक. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्यांना एक वर्षाची सक्तीची सेवाही करावयाची असते. अभ्यासाच्या वर्षाचा बेत तिच्याशी जुळवून करावा लागतो.

स्वतःची प्रकृती व स्वभावही या हिशेबात धरावा. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक नसावे, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली केली. अशी शिफारस करावी लागली, यावरूनच कामाच्या भाराची कल्पना येते. मुलीने सर्जरी घेऊ नये, असा सल्ला मात्र वडीलधाऱ्यांनी या कारणास्तव देऊ नये. स्तनाच्या गाठीची तपासणी पुरुष डॉक्टरकडे करून घेण्यास संकोचणाऱ्या स्त्रिया ग्रामीण भागात आजही आहेत, आणि स्त्री शल्यचिकित्सक त्यांना क्वचितच भेटते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. सेवेतील डॉक्टरांना पदव्युत्तर जागांत कोटा ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० च्या निकालात मान्य केला, आणि महाराष्ट्राने २०२२ पासून राज्य कोट्यात अशा अधिकाऱ्यांसाठी २० टक्के जागा ठेवल्या. ग्रामीण सेवेची वर्षे मोजून पात्रता ठरत असल्याने सेवेच्या नोंदी वेळच्या वेळी पूर्ण असणे आवश्यक असते. या वाटेने सर्जरी शिकलेला डॉक्टर पुन्हा शासकीय सेवेत, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात येतो. एरवी प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला शिक्षणकाळातच तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे आता बंधनकारक आहे. शस्त्रक्रियागृह आहे पण शल्यचिकित्सक नाही, अशा तालुक्याची गाठ काहींना तेथेच प्रथम पडते.